उजव्या हाताला भात

क्वाकांच्या दानबीनं मातीचं जेवण मांडलंय आणि तिची आई ते बघायला जाणार आहे, ही बातमी कोरियाटाऊनभर व्हायला एक रविवार पुरला. ऑलिम्पिक रस्त्यावरच्या किराणा दुकानात, मासळीच्या बर्फापाशी उभ्या राहून बायकांनी पोरीचा यथेच्छ समाचार घेतला.

“मातीचं जेवण? खरं कधी घातलं का आईला?”

“अगं, औषधांचं शिक्षण अर्ध्यावर सोडलं तिनं. कशासाठी, तर मडकी करायला! आपल्या आज्या मडकी करणाऱ्यांच्या घरात मुलगी देत नव्हत्या, आणि ही आपल्या पायांनी चालत गेली.”

“आणि बाप गेला तेव्हा कुठं होती, माहितीय ना?”

माहीत सगळ्यांनाच होतं. तरी त्या बाईनं सांगितलं, आणि बाकीच्यांनी मुळ्याच्या जुड्या हातात धरून पुन्हा ऐकलं.

बाप गेला तेव्हा दानबी मोंटानात होती. तिथं डोंगरात लाकडावर चालणारी मोठी भट्टी आहे. चार-पाच कलाकार मिळून ती पेटवतात, पाळ्या लावून सरपण सारतात, आणि एकदा पेटवली की मध्येच सोडून उठता येत नाही. तिथं तिच्या भावाचा, तेसूचा, फोन आला. “बाबांना दवाखान्यात ठेवलंय.” दानबीनं विचारलं, “खूप गंभीर आहे का?” तेसू म्हणाला, “डॉक्टर बघताहेत.” बस्स, एवढंच. ‘ये’ असं तो म्हणाला नाही, आणि ‘येते’ असं तीही म्हणाली नाही. भट्टी निवली, तोंड उघडलं, भांडी बाहेर निघाली, आणि मग बाईसाहेबांनी विमान पकडलं. उतरली तेव्हा बाप शवागारात होता.

बापाच्या मातीच्या दिवशी सगळ्या गणगोतासमोर आईनं तिला सुनावलं, “भट्टीपुढं बाप स्वस्त झाला तुला. आजपासून माझ्या दारात पाय ठेवायचा नाही.”

दानबीनं ठेवला नाही. बापाचं पहिलं वर्षश्राद्ध तिच्यावाचून झालं. दुसरं आता तोंडावर आलं होतं, आणि या खेपेला तिला घरात जायचं होतं. बापाच्या फोटोपुढं गुडघे टेकायचे, दोन्ही हातांनी पेला धरून त्याला त्याची आवडती दारू द्यायची, डोकं जमिनीला लावायचं. आपण कोण, कुठले, इकडचे की तिकडचे, यावर तिनं वर्तमानपत्रांत लांबलचक मुलाखती दिल्या होत्या, त्या सोडा. छत्तिसाव्या वर्षी त्या बाईला जगाकडून दुसरं काही नको होतं. आईनं एकदा ‘ये’ म्हणावं, एवढ्यासाठी तिनं हे जेवण घडवलं होतं.

आता क्वाकांच्या घरातलं जेवण कसं होतं तेही ऐका. टॉरन्सला त्यांचं कपडे धुण्या-इस्त्रीचं दुकान. सकाळी अंधारात उघडायचं, संध्याकाळी अंधारात बंद व्हायचं. भात शिजवायचा कुकर गल्ल्याखाली, लोंबणाऱ्या कोटांच्या मागं. आई डाव्या हातात प्लास्टिकचा डबा धरून, उजवा पाय इस्त्रीच्या यंत्राच्या पट्टीवर ठेवून उभ्यानं जेवायची. बाप डिलिव्हरीच्या गाडीत स्टिअरिंगला टेकून जेवायचा. पोरं घडी घातलेल्या चादरींच्या ढिगावर, एका मांडीवर गणिताची वही आणि दुसऱ्या मांडीवर डबा. वाढदिवसाला रिवाजाप्रमाणं समुद्री शेवाळाचं सूप असायचं, तेही थर्मासच्या झाकणातून. घरी सगळे फक्त झोपायला जायचे.

पण वर्षातून दोनदा, आजोबांच्या आणि आजीच्या श्राद्धाला, दुकान लवकर बंद व्हायचं. घरात तिळाच्या तेलाचा वास दरवळायचा. भिंतीशी घडीचा पडदा उभा राहायचा, त्याच्यापुढं फोटो, फोटोपुढं मोठं मेज, आणि कपाटातून पांढरी भांडी निघायची. छोट्या दानबीला काम असायचं वाट्या मांडायचं. ती मेजापुढं उभी राहिली की आई स्वयंपाकघरातून ओरडायची, “तिकडून नाही! मागं जा! जेवणारे तिकडं बसलेत, तू नाही! भात त्यांच्या उजव्या हाताला, सूप डाव्या!” मग पोर पडद्याच्या आणि मेजाच्या मधल्या फटीत शिरायची, फोटोकडं पाठ करून उभी राहायची, आणि तिथून मांडायची. उजव्या हाताला भात. डाव्या हाताला सूप. चुकलं नाही की बाप तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणायचा, “आमच्या दानबीला सगळं येतं.”

त्या घरात भरलेलं मेज तिनं एवढंच पाहिलं. म्हणून तिनं पक्कं धरलं की आपल्या लोकांची मांडायची रीत ही. पुढं मैत्रिणींकडं, हॉटेलात, भात डावीकडं आला की ती मनात म्हणायची, लोकांना पद्धत म्हणून राहिली नाही, आणि गुपचूप आपल्यापुढच्या वाट्यांची अदलाबदल करायची. एकदा तर तिनं एका गोऱ्या मित्रालाही शिकवलं होतं. त्यानं बिचाऱ्यानं ते घरी जाऊन बायकोला शिकवलं.

दोन वर्षं ती त्या मेजावर राबली. बुटकं मेज, भोवती पाच पानं. बाबा, आई, तेसूदादा, युनजूवहिनी आणि ती. माती पांढरीशुभ्र, इतकी पातळ की उजेडापुढं धरली तर पलीकडची बोटं दिसावीत. भात करायला तिनं शीत न् शीत बोटांत वळलं. सुपाच्या वाट्यांत काचेचा लेप दाट ओतला, तो भट्टीत वितळून तळाशी साचला, हिरवट आणि निवळ. आईच्या वाटीच्या कडेला तांब्याचा लालसर डाग उठवला, आईच्या मनगटावर वाफेनं भाजल्याचा आहे अगदी तसा. वहिनीची वाटी उगाच फार नाजूक केली. बघणाऱ्याला वाटावं, प्रेमानं केली. भातात चमचा उभा खोचायचा नसतो, तो मेलेल्यांसाठी, एवढं तिला ठाऊक होतं. ते तर इथं जन्मलेल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. चमचे तिनं नीट आडवे ठेवले आणि आपण सगळं सांभाळलं असं समजून निर्धास्त झाली.

आईशी बोलणं नव्हतंच, त्यामुळं निरोप तेसूकडून.

“आणतो मी आईला,” तेसू फोनवर म्हणाला. “पण तिथं काही नागडंबिगडं लावलं असशील तर झाकून ठेव.”

“वाट्या आहेत, दादा.”

“वाट्याच ना? मागच्या वेळी पेपरात बाबांचा बनियन छापून आणलास तू. सगळ्या गिऱ्हाइकांनी बघितला.”

“तो मातीचा होता.”

“बनियन तो बनियन. भोक होतं त्याला. लोकांना वाटलं, आम्ही बापाला धड बनियन घेऊन देत नव्हतो.”

“आई काय म्हणाली? येते म्हणाली?”

“काही म्हणाली नाही. कोट झटकून बाहेर काढलाय. तू आपली तिथं रडूबिडू नकोस. आणि इंग्रजीत भांडू नकोस. तुझं आपल्या भाषेतलं बोलणं आठ वर्षांच्या पोरासारखं आहे, पण निदान तिला कळतं तरी.”

शनिवारी दुपारी कलादालन माणसांनी भरलं. दालनाची व्यवस्थापक लॉरेन, उंच, चांदीच्या केसांची, ज्याला-त्याला मेजापाशी नेऊन दाखवत होती. भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘माझ्या घरचं जेवण’. माणसं खालच्या आवाजात वा वा करत होती. दानबीचं कुणाकडंच लक्ष नव्हतं. ती दाराकडं बघत होती.

आई आली. राखाडी कोट, नुकतेच कुरळे करून घेतलेले केस, हातात बंद छत्री, बाहेर ढगाचा ठिपका नसताना. मागं तेसू, त्याची बायको युनजू, आणि आईची धाकटी बहीण, गुमजामावशी. गुमजामावशी कुठं बोलावल्याशिवाय जात नाही असं नाही. तमाशा होण्यासारखा असेल तर ती आधी पोहोचते.

लॉरेन दोन्ही हात पसरून पुढं झाली. “तुम्ही दानबीच्या आई!”

तेसूनं भाषांतर केलं. आईनं मान थोडी वाकवली. चाळीस वर्षं या गावात तिला सगळे ‘तेसूची आई’ म्हणत आले होते. दानबीची आई असं तिला आजवर कुणी म्हटलं नव्हतं, आणि आज म्हटलेलं तिला आवडलं असं तिच्या तोंडावरून मुळीच दिसलं नाही.

“आई,” दानबी म्हणाली.

आईनं जमिनीकडं बघितलं. “फरशी चांगली आहे,” ती तेसूला म्हणाली. “पुसायला माणूस असेल.”

“आई, हे तुझ्यासाठी केलंय. ये ना, बघ. ही तुझी जागा.”

आई आली. मेजाभोवतीची माणसं आदरानं बाजूला झाली. आई आपल्या पानामागं उभी राहिली. तांबूस डागाच्या वाटीकडं बघताना तिचा एक हात आपसूक दुसऱ्या मनगटावर गेला. जमलं, दानबीला वाटलं. देवा, जमलं बहुतेक.

तेवढ्यात गुमजामावशीनं दातांतून हवा ओढली.

“अगं बाई! ताई, बघितलंस का? या पोरीनं तुमचं सगळ्यांचं श्राद्ध घातलंय की गं!”

“काय?” दानबी म्हणाली.

“काय काय? डोळे आहेत ना तुला? भात कुठं, सूप कुठं! हे तुझ्या बापाचं पान, ते ठीक. हे आईचं? हे भावाचं? जिवंत माणसांची मेल्यांची पानं मांडलीस, भवाने! बरं झालं बाई, मला नाही घेतलं तुझ्या घरच्यांत.”

दानबी खरंच काही समजली नव्हती. ती मेजाकडं बघत राहिली. उजव्या हाताला भात, डाव्या हाताला सूप. कुठं चुकलं?

तेसू गोरामोरा झाला होता. त्याला ठाऊक होतं. मुलगा म्हणून त्याला लहानपणी मेजामागं कधी पाठवलंच नव्हतं, पण बायको मायदेशातून, बुसानहून आली आणि तिनं त्याच्यापुढं पहिल्या दिवसापासून नीट ताट मांडलं, तेव्हा त्याला कळलं. ती बायकोच आता बोलली, गोड आवाजात, सुरी फिरवावी तशी.

“वन्सं, जिवंत माणसाच्या डाव्या हाताला भात असतो, उजव्या हाताला सूप. मेलेल्याचं सगळं उलटं असतं, पानही तसंच. तिकडं बुसानला बालवाडीतली पोरं सांगतील. तुम्हाला नाही सांगितलं कुणी? तुम्ही तर आपल्या संस्कृतीवर भाषणं देता.” मग तिचा आवाज चिरकला. तिनं पोटावर हात ठेवला. “माझ्या पोटात जीव आहे आणि तुम्ही माझं मेल्याचं पान वाढलंत! असं काय वाकडं केलंय मी तुमचं?”

“मला माहीत नव्हतं,” दानबी म्हणाली. “वहिनी, शपथ, मला नव्हतं माहीत. तू गरोदर आहेस हेही मला कुणी सांगितलं नाही.”

“सांगायला तू असतेस कुठं?” तेसू म्हणाला.

भोवती तीसेक माणसं उभी होती. त्यांना शब्द कळत नव्हते, पण भांडण कळायला भाषा कशाला लागते? दोघातिघांनी फोन वर धरले होते. लॉरेनचे डोळे पाणावले होते. हाही कामाचाच भाग आहे असं त्या शहाण्या बाईला वाटत होतं.

दानबी आईकडं वळली. “आई, तू सांग यांना. तूच शिकवलंस. मागं जा, उजव्या हाताला भात, उजव्या हाताला भात, तूच ओरडायचीस!”

इतक्या वेळानं आईनं तिच्याकडं पाहिलं. दोन वर्षांत पहिल्यांदा.

“ते तुझ्या आजोबांसाठी होतं. मेलेल्या माणसासाठी.”

“मग जिवंत माणसांसाठी कधी मांडलंस?” दानबीचा आवाज चढला. “एक दिवस सांग! एकच! डब्यातून जेवलो आम्ही, चादरींवर बसून, साबणाच्या वासात. माझ्या वाढदिवसाचं सूप तू थर्मासच्या झाकणात दिलंस. मेज निघायचं ते मेलेल्यांसाठी, चांगली भांडी निघायची ती मेलेल्यांसाठी, दुकान लवकर बंद व्हायचं तेही मेलेल्यांसाठी! मला जिवंतांची रीत कुठून येणार? या घरात तुम्ही फक्त मेलेल्यांचे लाड केलेत!”

“दानबी!” तेसूनं तिचा दंड धरला. तिनं हिसका देऊन सोडवला.

“बोलू दे तिला,” आई म्हणाली. तिनं छत्री तेसूच्या हातात दिली. “बोललीस? आता माझं ऐक. मी उभ्यानं जेवले ते मला बसता येत नव्हतं म्हणून नाही. मी बसले असते तर यंत्र बसलं असतं. तुम्ही दोघं खुर्चीत बसून शिकावं म्हणून मी उभी राहिले. तू शिकलीस काय, तर चिखल कालवायला. आणि आता जगाला दाखवतेस, बघा, माझ्या आईनं मला मेज मांडून दिलं नाही. भिंतीवर लिहून दाखवतेस.”

“मी चांगलं दाखवायला केलं होतं हे. तुझ्यासाठी केलं होतं.”

“माझ्यासाठी केलंस तर विचारायचंस.”

“तू बोलतेस कुठं माझ्याशी?”

“मावशी बोलते. वहिनी बोलते. एक फोन केलास, की बाई गं, भात कुठं ठेवायचा? नाही. तुला सगळं येतं. बापानं डोक्यावर हात ठेवून ठेवून बिघडवली.”

बापाचं नाव निघालं आणि दानबीचं सगळं अवसान गळालं. जे सांगायला तिनं दोन वर्षं माती मळली होती ते असं, तमाशाच्या मधोमध, तोंडातून पडलं.

“आई, बाबांच्या श्राद्धाला मला बोलाव. मी मागं, दाराशी बसेन. कुणाशी बोलणार नाही. एक पेला देते आणि जाते. मला बोलाव, आई.”

आईनं कोटाची बटणं सोडली, गुडघ्यावर हात दाबून हळूहळू खाली बसली, आणि मेजाकडं सरकली. लॉरेन “अरे” म्हणत एक पाऊल पुढं आली आणि थांबली. आईनं आपल्या पानावरची भाताची वाटी उचलली, बाजूला ठेवली, सूप उजवीकडं नेलं, भात डावीकडं आणला. सारं आयुष्य लोकांचे रेशमी कपडे हाताळलेले हात होते ते, कुठं खट्ट झालं नाही. मग ती गुडघ्यांवरच पुढं सरकली. तेसूचं पान. भात डावीकडं, सूप उजवीकडं. मग युनजूचं. ती नाजूक वाटी तिनं दोन्ही हातांनी उचलली, नीट ठेवली, आणि सुनेकडं बघून म्हणाली, “झालं. आता मनात आणू नकोस.” युनजूनं डोळे पुसले.

नवऱ्याच्या पानाला तिनं हात लावला नाही. नुसता चमचा तसूभर सरळ केला.

शेवटी ती दानबीच्या पानाशी आली. आईनं भाताची वाटी उचलली. आईनं ती वाटी क्षणभर हातात तोलली, बूड बघितलं, कड बघितली, आणि होती तिथंच, उजव्या हाताला, परत ठेवून दिली.

“तुझ्या बापाचं आणि तुझं बरोबर आहे,” ती म्हणाली.

गुमजामावशीसुद्धा हबकली. “ताई, अगं, पोटची पोर आहे ती.”

“तू गप.”

“मी जिवंत आहे, आई!” दानबी ओरडली. भाषा सुटून ती इंग्रजीत शिरली आणि पुन्हा परत आली. “मी इथं उभी आहे तुझ्यासमोर! मी फक्त म्हणते, बोलाव मला!”

“तेच तर.” आई तेसूचा हात धरून उठली. गुडघे कटकन वाजले. “दोन वर्षं बोलाव बोलाव लावलंयस. तेसूला फोन, आई बोलावते का. मावशीला फोन, आई बोलावते का. अगं, बोलावणं मेलेल्यांना लागतं. उदबत्ती लावावी लागते, नाव घ्यावं लागतं, दार उघडून बोलवावं लागतं त्यांना. जिवंत माणूस शिव्या खात येतो आणि जेवून जातो. या तेसूला विचार, याला किती वेळा घराबाहेर काढला मी. संध्याकाळी भूक लागली की हजर.”

“तूच म्हणालीस, दारात पाय ठेवू नको! सगळ्यांसमोर!”

“म्हणाले. आई म्हणते. राग आला की आई काय वाट्टेल ते म्हणते. तू ते वकिलासारखं धरून बसलीस. तेसूनं तुला ‘ये’ म्हटलं नाही, म्हणून तू बाप मरताना आली नाहीस. मी ‘येऊ नको’ म्हटलं, म्हणून तू बाप मेल्यावर आली नाहीस. अशी रीत इथल्या लोकांची. पत्रिका आल्याशिवाय पाऊल उचलत नाहीत. तू इथलीच झालीस, बाई. उगाच मातीची भांडी करून आमच्यात कशाला शिरतेस?”

आई कोटाची बटणं लावत होती, खालून वर, एकेक.

“गेल्या श्राद्धाला समोरच्या फुटपाथला तुझी गाडी उभी होती,” आई बटणाकडं बघत म्हणाली.

तेसूनं चमकून आईकडं पाहिलं. ते दानबीनं कुणालाच सांगितलं नव्हतं. गाडीत बसून होती ती, इंजिन बंद करून, दिवे बंद करून. सगळं आवरून भांडी आत गेली तोवर बसून होती.

“तुला दिसले मी?”

“खिडकीला बसून दुसरं काय करते मी आता? दुकान विकलं. दिसलीस. म्हणून मी दार उघडलं. सताड. तेसू म्हणाला, आई, गारठा येतोय, ओढून घे. मी म्हटलं, राहू दे. सूप गार झालं, मी दोनदा गरम केलं. हा ओरडला, किती वेळा गरम करतेस, बाबांना गार चालतं.”

“मला वाटलं, दार बाबांसाठी उघडं ठेवलंय,” दानबी म्हणाली. “श्राद्धाला ठेवतात तसं. आत्मा येतो म्हणून.”

“त्याला फट पुरते,” आई म्हणाली.

तिनं तेसूच्या हातातून छत्री घेतली. “चल. गाडी काढ. गुमजा, तोंड मिट आणि चल.”

ती गेली. मागं वळून बघायची सवय तिला कधीच नव्हती. युनजू नवऱ्याचा हात धरून तिच्यामागं गेली, आणि गुमजामावशी दारापर्यंत तीनदा वळून बघत गेली. दार लागलं तेव्हा कुणीतरी टाळी वाजवली. मग दुसऱ्यानं, मग सगळ्यांनीच. दानबी त्या टाळ्यांत मेजाशी उभी राहिली, हात लोंबते सोडून.

गर्दी पांगली तशी लॉरेन जवळ आली. तिनं दानबीच्या खांद्याला हलकेच स्पर्श केला. “अप्रतिम झालं. तुझी आई काय बाई आहे! पण मला सांग, त्यांनी हलवलेल्या वाट्या पूर्वीसारख्या लावून ठेवू ना? आणि ही तुझी तशीच राहिली वाटतं. हिचं काय करू?”

दानबी आपल्या पानावरच्या त्या भाताच्या वाटीकडं बघत होती.

“हात लावू नकोस,” ती म्हणाली. “बरोबर मांडलंय.”

ती आईच्या भाषेत बोलली होती. लॉरेनला काही कळलं नाही, म्हणून तिला तेच पुन्हा एकदा इंग्रजीत सांगावं लागलं.